मुलांचा कायदा ग्रामपंचायतीच्या उंबऱ्याच्या आत कसा आणायचा

मी ३१ वर्षं सांगली जिल्ह्यात ग्रामसेवक होतो. सुरुवात जत तालुक्यात, मधली वर्षं कडेगावात, शेवटची नऊ वाळव्यात. आता या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, गावात हाक मात्र ‘भाऊसाहेब’ अशीच मारतात. नव्यानं रुजू झालेली पोरं फोन करून विचारतात, की बालहक्कांची एवढी परिपत्रकं येतात, त्यांचं गावात नक्की करायचं काय? त्यांच्यासाठी हे लिहितोय. सरपंच, अंगणवाडीताई, पोलीस पाटील आणि शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांनाही उपयोगी पडेल.

आधी माझी चूक सांगतो. पुढचं सगळं मी तिच्यामुळे शिकलो.

बालविवाह प्रतिबंध कायदा संसदेनं २००६ मध्ये केला, तो १ नोव्हेंबर २००७ पासून लागू झाला. पुढे एक दिवस पंचायत समितीच्या टपालातून परिपत्रक आलं, की गावातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक. खाली नेहमीची ओळ होती, ‘माहितीस्तव व योग्य त्या कार्यवाहीस्तव’. मी आवक नोंदवहीत क्रमांक टाकला, पोच दिली, कागद फाईलला लावला. योग्य ती कार्यवाही म्हणजे कोणती, हे मी विचारलं नाही.

२००९ च्या उन्हाळ्यात अंगणवाडीताई सकाळी सातला दारात. "भाऊसाहेब, नववीतल्या पोरीला आज हळद लागतीया. उद्या लगीन." पोलीस पाटलांना घेऊन गेलो. मांडव पडला होता, चुलवण पेटलं होतं. अठरा पूर्ण झाल्याशिवाय लग्न करणार नाही, असा वडिलांचा जबाब लिहून घेतला, सरपंचांची सही घेतली. दोन्हीकडचे पाहुणे निघून गेले. मला वाटलं, काम झालं. आठव्या दिवशी कळलं, सीमेपलीकडे, विजापूरच्या बाजूला पाहुण्यांच्या गावात लग्न लागलंसुद्धा. दोन वर्षांनी ती मुलगी बाळाला डोस द्यायला माहेरच्या अंगणवाडीत आली होती. मी तिथं रजिस्टर तपासायला बसलो होतो. तिनं मला ओळखलं, आणि काही न बोलता बाळ दुसऱ्या खांद्यावर घेऊन ती बाहेर पायरीवर जाऊन बसली.

कायदा होता, अधिकारी होता, खबर वेळेवर आली होती. तरी त्या मुलीला काही मिळालं नाही, कारण मांडव उठल्यानंतरचं पाऊल कुणी उचलायचं हे ठरलेलंच नव्हतं. बालहक्कांचं गाडं बहुतेक वेळा असंच अडतं. म्हणून प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारत चला: पुढची सही कुणाची, आणि कोणत्या तारखेला?

कायदा कुठून येतो आणि कुठं अडकतो

संयुक्त राष्ट्रांनी बालहक्कांचा करार २० नोव्हेंबर १९८९ रोजी मंजूर केला. भारत त्यात ११ डिसेंबर १९९२ रोजी सामील झाला. आपल्याकडे मात्र आंतरराष्ट्रीय करार आपोआप कायदा होत नाही. संसदेला त्यासाठी वेगळा कायदा करावा लागतो, संविधानाच्या कलम २५३ मध्ये तो अधिकार आहे. मग एकेक कायदा येत गेला. २००५ मध्ये बालहक्क संरक्षण आयोगांचा कायदा झाला. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, लागू १ एप्रिल २०१० पासून. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा, २०१२ चा. बाल न्याय कायदा २०१५ चा, लागू जानेवारी २०१६ पासून. बालमजुरीच्या १९८६ च्या कायद्यात २०१६ मध्ये मोठी दुरुस्ती झाली.

करारात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल आहे. आपल्या कायद्यांत वयाची रेघ एका जागी नाही. बाल न्याय आणि पोक्सोमध्ये ती १८ ला आहे. सक्तीचं मोफत शिक्षण ६ ते १४. कामावर ठेवायची पूर्ण बंदी १४ च्या खाली. १४ ते १८ च्या मुलांना फक्त खाणी, ज्वालाग्राही पदार्थ, स्फोटकं आणि घातक प्रक्रिया यांतच मनाई. लग्नाला मुलगी १८, मुलगा २१. वर बालमजुरीच्या कायद्यात शाळेची वेळ सोडून घरच्या धंद्यात मदत करायला सूटही आहे.

आता हे गावात आणून बघा. आठवी पास झालेली पंधरा वर्षांची मुलगी. शिक्षणहक्क कायद्याचा हात तिच्यावरून निघालेला असतो. शेतात कामाला गेली तर बालमजुरीचा कायदा तिला सहसा लागत नाही. अठरा व्हायला तीन वर्षं असतात. आईबापांना त्या तीन वर्षांची काळजी वाटते आणि स्थळ येतं. मी जेवढे बालविवाह पाहिले ते जवळजवळ सगळे या तीन-चार वर्षांतलेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. पाचांत एक. त्यामुळे गावाचं काम सुरू करताना पहिली यादी चौदा ते अठराच्या मुलींचीच करा. पटावर आहेत त्यांची नव्हे, पटावरून गळालेल्यांची. हायस्कूल, अंगणवाडी आणि आशाताई यांच्याकडून नावं घेतली की एका दुपारी यादी होते.

ऊसतोडीची लेकरं: आधी जन्मनोंद, मग शाळा

वाळव्यात माझ्या गावच्या शिवारात दर हंगामात दोन-तीन टोळ्या उतरायच्या. बीडच्या जास्त, काही आमच्याच जतच्या. दिवाळीच्या सुमाराला ट्रॅक्टर येतात, ओढ्याकाठी कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत तिथं शे-दीडशे माणसांची वस्ती असते. ग्रामपंचायतीच्या कुठल्याही रजिस्टरात ती वस्ती नसते. आमचे लोक म्हणायचे, "ती काय आपल्या गावची हायत व्हय?" कायदा असं विचारत नाही.

सुरुवात जन्मनोंदीपासून करा. जन्माची नोंद जिथं मूल जन्मलं तिथं होते, आईबापाच्या मूळ गावी नाही. फडात किंवा कोपीत बाळ जन्मलं तर ती नोंद तुमच्याच ग्रामपंचायतीत व्हायला हवी, आणि निबंधक तुम्हीच आहात. ट्रॉलीत वाटेवर जन्मलं तर वाहन पहिल्यांदा जिथं थांबलं ते ठिकाण धरतात. २१ दिवसांच्या आत नोंद विनाशुल्क. महिना उलटला की परवानगी लागते, वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. तोवर टोळी निघून गेलेली असते. नाव ठरलं नाही म्हणून नोंद थांबवू नका, नावाची जागा मोकळी ठेवून नोंद होते, नाव नंतर भरता येतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मणाऱ्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पुढच्या सगळ्या कामांना जन्माचा दाखला हाच मुख्य पुरावा आहे. म्हणजे आज तुम्ही ती एक ओळ लिहिली नाही, तर सहा वर्षांनी बीडमधल्या एखाद्या शाळेच्या दारात ते मूल अडणार, आणि पंधरा वर्षांनी मांडवात तिचं वय सिद्ध करता येणार नाही.

मी आशाताईंना सांगून ठेवलं होतं, की अड्ड्यावर, म्हणजे टोळीच्या वस्तीवर, गरोदर बाई दिसली की वहीत नाव आणि अंदाजे तारीख. बाळंतपण झालं की दुसऱ्या दिवशी मी स्वतः फॉर्म घेऊन जायचो. जाताना मुकादमाला, म्हणजे टोळीच्या प्रमुखाला, बरोबर घ्या, त्याला माणसांची नावं-गावं पाठ असतात. मात्र त्याच्यासमोर बायकांना बाकी काही विचारू नका. उचल, म्हणजे कामाचे आगाऊ पैसे, त्यानं दिलेली असते, बायका मोकळं बोलत नाहीत.

आता शाळा. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ९ मध्ये स्थानिक प्राधिकरणाची कर्तव्यं आहेत. स्थानिक प्राधिकरण या शब्दात पंचायतही येते. आपल्या हद्दीत राहणाऱ्या १४ वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणं आणि स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणं, दोन्ही त्यात स्पष्ट लिहिलंय. शाळेकडून तीन उत्तरं येतात. दाखला आणला नाही. वयाचा पुरावा नाही. मार्चला निघून जाणार, आमचा पट बिघडतो. पहिल्याला कलम ५: दाखला यायला उशीर झाला हे प्रवेश नाकारायचं कारण होत नाही. दुसऱ्याला कलम १४: वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही. तिसऱ्याला कायद्यात आधारच नाही. मूळ गावच्या शाळेनं शिक्षण हमी कार्ड दिलं असेल तर काम सोपं होतं, नसेल तर त्या मुख्याध्यापकांना फोन लावून मूल कितवीत होतं एवढं विचारा. गुरुजी लोक आनंदानं सांगतात.

एवढं करूनही एका शाळेनं मला नाही म्हटलं होतं. मी भांडलो नाही. कोरा कागद पुढे केला आणि म्हणालो, "सर, कारण लिहून सही करा, मी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवतो." कारण कुणी लिहीत नाही. त्याच दुपारी सात मुलांचे प्रवेश झाले. नकार नेहमी लेखी मागा.

पण सात नावं पटावर आली तरी वर्गात चारच. अड्ड्यावर गेलो तर दहा वर्षांची पोर काखेत भाऊ घेऊन चुलीपाशी बसलेली. तिची आई म्हणाली, "पहाटं चारला फडात जावं लागतं, भाऊसाहेब. रातच्याला पुन्हा गाडी भरायची. बारकं लेकरू कुणापाशी ठेवू?" ती बाई खरं बोलत होती. अंगणवाडी उघडते दहाला. पहाटेपासून दहापर्यंत त्या बाळाला सांभाळणारी व्यवस्था म्हणजे ती दहा वर्षांची मुलगी. कायद्यानं तिला शाळेचा हक्क दिला, भावाला पोषण आहाराचा दिला, पण दोन्ही हक्कांच्या वेळा जुळेनात.

हे सुटलं ते पैशानं, आणि तो पैसा ग्रामपंचायतीकडे होता. स्वउत्पन्नाच्या दहा टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते. आमचं उत्पन्न बरं होतं. समाजमंदिराची एक खोली घेतली, गावातल्या एका विधवा मावशींना हंगामापुरतं महिना तीन हजार मानधन ठरवलं, त्या पहाटे साडेपाचला कुलूप काढायच्या. पाच महिन्यांचे पंधरा हजार. बाळं तिथं आली आणि बहिणी शाळेत गेल्या. अंगणवाडीताईंना त्या मुलांची नावं आपल्या नोंदीत घ्यायला सांगा, घरपोच आहारही मिळतो, त्यासाठी मूल गावचं रहिवासी असावं लागत नाही.

पूर्वी कारखान्यांजवळ साखरशाळा चालायच्या. शिक्षणहक्क कायदा आल्यावर मुलांनी नियमित शाळेतच यावं असं धोरण झालं आणि साखरशाळा मिटत गेल्या. धोरण मला पटतं, वेगळी शाळा म्हणजे कमी दर्जाची शाळा हेच आम्ही पाहिलं होतं. फक्त अड्डा ते शाळा हे तीन किलोमीटर, आणि त्यात उसाच्या ट्रॉल्या धावणारा रस्ता, याचा हिशोब धोरणात नव्हता. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वाहतुकीची सोय मागता येते. पण मागणी सप्टेंबरमध्ये गेली पाहिजे. टोळी उतरल्यावर अर्ज केलात तर हंगाम संपताना मंजुरी येते. कारखान्याच्या शेतकी विभागाकडे कुठल्या गटात किती कोयते, म्हणजे तोडणी करणारी जोडपी, उतरणार याचा अंदाज आधीच असतो. तो आकडा तिथून आणा.

बालविवाह: मांडवात जायच्या आधी आणि मांडव उठल्यावर

लग्नसराईच्या महिनाभर आधी मंगल कार्यालयवाले, भटजी, मांडववाले, आचारी, बँडवाले, फोटोग्राफर, पत्रिका छापणारे, सगळ्यांना ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर पत्र द्या आणि पोच घ्या. लग्न लावणारा किंवा त्याला मदत करणारा बालविवाह प्रतिबंध कायद्याच्या कलम १० खाली दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंडाला पात्र ठरतो, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, एवढंच लिहा. वयाचा पुरावा बघूनच सुपारी घ्या म्हणावं. आमच्याकडे पत्रिका छापणाऱ्याकडून सर्वांत आधी खबर यायला लागली. इतकं काम त्या एका पत्रानं केलं, की मला हे आधी का सुचलं नाही याचं वाईट वाटतं.

खबर आली की क्रम असा ठेवा.

पहिल्यांदा वय. शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मिळवा. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये शाळेचा किंवा दहावीचा दाखला पहिला, तो नसेल तर जन्माचा दाखला, दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी, असा क्रम आहे. आधारवरच्या तारखेवर विसंबू नका. मी एकाच मुलीच्या दोन वेगळ्या तारखा पाहिल्यात.

मग १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन. तो चोवीस तास चालतो, सांगणाऱ्यानं नाव सांगायची गरज नसते, आणि घटना तुमच्या गावाबाहेर कुठंतरी नोंदली जाते. ते फार महत्त्वाचं आहे. दुसऱ्या दिवशी आमदारांच्या माणसाचा फोन आला तर तुम्हाला शांतपणे सांगता येतं, "साहेब, जिल्ह्याला नोंद झालीय."

मुलीशी वेगळं बोला. तुम्ही नको, अंगणवाडीताई किंवा शाळेतल्या बाईंनी बोलावं, आणि वडील-चुलते तिथं नसावेत. तिला काय हवंय हे तिच्या शब्दांत लिहून घ्यावं. मी २००९ मध्ये बापाचा जबाब घेतला, सरपंचांची सही घेतली. तिला एक शब्द विचारला नव्हता. करारातलं कलम १२ मुलांचं म्हणणं ऐकायचा हक्क सांगतं. तो मी तेव्हा वाचलेला असता तरी हळदीच्या घरात तो सुचला असता का, सांगता येत नाही.

त्यानंतर सगळ्यांत जास्त राहून जाणारं पाऊल. बालविवाह प्रतिबंध कायद्याच्या कलम १३ खाली तालुक्याच्या प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे मनाईहुकमाचा अर्ज करा. अर्ज बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून तुम्हीच करू शकता. सोबत वयाचा उतारा, पत्रिका किंवा तिचा फोटो, पंचनामा. वेळ नसेल तर समोरच्याला नोटीस न देता अंतरिम हुकूमही मिळू शकतो. हा हुकूम मोडून लग्न लावलं तर कलम १४ प्रमाणे ते लग्न मुळातच रद्द ठरतं. वडिलांच्या जबाबाला असलं काही बळ नसतं. माझ्याकडे तेव्हा तो हुकूम असता तर पलीकडच्या गावात लागलेलं लग्न कायद्यानं लग्नच राहिलं नसतं.

सीमेवरच्या गावांनी आणखी एक जाणून घ्यावं. केंद्राच्या कायद्याप्रमाणे बालविवाह हा रद्द करता येण्याजोगा विवाह आहे, म्हणजे त्या मुलीनंच न्यायालयात जाऊन तो रद्द करून मागायचा, आणि तेही सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत. कर्नाटकानं २०१६ च्या दुरुस्तीनं असा विवाह आरंभापासूनच अवैध ठरवला. जतवरून अथणीकडे गेलं की तोच कायदा वेगळा होतो. वीस वर्षांची, कडेवर मूल असलेली, स्वतःचा पैसा नसलेली मुलगी कोर्टाची पायरी चढेल ही अपेक्षा आपला कायदा करतो. माझ्या ३१ वर्षांत अशी एकही गेलेली मला माहीत नाही. महाराष्ट्रानंही कर्नाटकासारखं करावं असं माझं ठाम मत आहे.

लग्न थांबलं की मुलीला जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे न्यायचं. लग्न होण्याचा धोका असलेलं मूल हे बाल न्याय कायद्यात काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल धरलंय. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत हजर करायचं. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, बैठक नसेल तर एका सदस्यापुढेही नेता येतं. आईबाप घाबरतात, की पोरीला आता आश्रमात डांबणार. तसं नाही. समिती हमी घेऊन घरीही पाठवते, फक्त मग ती मुलगी समितीच्या नजरेत राहते. हे घरच्यांना शांतपणे समजावून सांगा. आईला धीर द्या, लग्नाला परवानगी दिल्याबद्दल बालविवाह प्रतिबंध कायद्यात स्त्रीला कैदेची शिक्षा नाही.

आणि वही. मी शंभर पानी वही घातली होती. एका पानावर एक मूल. पंधराव्या दिवशी भेट, महिन्यानं भेट, तीन महिन्यांनी भेट, पुढची लग्नसराई सुरू होताना भेट. तारीख, कोण गेलं, मूल कुठं आहे. मुलगी ‘मामाकडं गेलीय’ असं उत्तर आलं की त्या दिवशीच मामाच्या गावच्या ग्रामसेवकाला फोन.

१८ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं शिक्षेपेक्षा प्रतिबंधावर भर द्यायला सांगितलं, आणि या कामाला स्वतंत्र अधिकारी असावेत, त्यांच्यावर इतर कामांचा बोजा नसावा, असंही म्हटलं. घरपट्टी वसुली, घरकुल, पाणीपुरवठा, निवडणूक, रोजगार हमी आणि त्याच हातानं बालविवाह, हे ज्यांनी केलंय त्यांना त्या वाक्याची किंमत कळेल. तसे अधिकारी येईपर्यंत आपण आहोत.

एसटी आणि पंधरा वर्षांची मुलगी

मुली शाळा का सोडतात म्हणून आम्ही एकदा चौदा ते अठराच्या यादीवरच्या घरी फिरलो. नऊ घरांपैकी सहा घरांत उत्तर एकच: हायस्कूल सात किलोमीटरवर, शाळा पाचला सुटते, गाडी साडेसातला. अंधारात पोरगी फाट्यावर उभी राहते. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. पास होता, त्या वेळेला गाडी नव्हती.

आगार व्यवस्थापकांना अर्ज द्या, पण ‘गाडी वाढवावी’ एवढंच लिहू नका. ग्रामसभेचा ठराव, कुठल्या फाट्यावर किती मुली याची संख्या, शाळेची वेळ आणि सध्याच्या फेरीची वेळ असा तक्ता जोडा. नवी गाडी मागण्यापेक्षा आहे ती फेरी वेळ बदलून मागा, ते लवकर होतं. आम्हाला तीन महिने लागले. गाडी साडेसाताची साडेपाचला आली आणि फाट्यावर पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातून दिवा लागला. त्या वर्षी यादीतल्या चार मुली अकरावीला गेल्या. बालविवाह रोखण्याच्या माझ्या कामात ही फेरी मी वरच्या नंबरला ठेवतो.

समिती, आणि जे समितीत आणायचं नाही

ग्राम बाल संरक्षण समितीचा फलक बहुतेक गावांत असतो. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सचिव. बैठकीत विषय ‘बालहक्कांविषयी चर्चा’ असा लिहू नका. वहीतली उघडी नावं हाच विषय. प्रत्येक नावापुढे कोण जाणार आणि कधी, हे लिहून सही. आमची बैठक चाळीस मिनिटांत संपायची.

लैंगिक अत्याचाराची तक्रार मात्र बैठकीत, तंटामुक्ती समितीत किंवा भावकीत आणायची नाही. मिटवामिटवीला जागाच नाही. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. मुलाला पुन्हापुन्हा विचारू नका, ऐकलं तेवढं त्याच शब्दांत लिहा. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथं, गणवेशात नसलेल्या आणि शक्यतो महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा असतो, तसा आग्रह धरा. नाव कुठंही फुटू देऊ नका, ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नाहीच.

बालसभा

ग्रामसभेच्या आधी बालसभा घ्या, पण भाषणं नकोत. स्टेज नको, सरपंचांनीही सतरंजीवरच बसावं. मुलांना कोऱ्या चिठ्ठ्या द्या, नाव लिहायचं नाही असं सांगा, डबा फिरवा. आमच्या पहिल्या डब्यात एक्केचाळीस चिठ्ठ्या निघाल्या. खेळायला जागा, बोअरजवळची घसरण, दारू पिऊन येणारे. सहा चिठ्ठ्यांवर वेगवेगळ्या अक्षरांत एकच मागणी होती: मुलींच्या संडासाला आतून कडी नाही.

संडास दोन वर्षांपूर्वी बांधून पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर माझी सही होती. दुसऱ्या दिवशी सुतार पाठवला. खर्च एकशे ऐंशी रुपये.

बालसभेतलं जे मोठं निघेल ते गावच्या विकास आराखड्यात घाला. आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरला सुरू होते, म्हणून बालसभा सप्टेंबरात हवी. दहा टक्क्यांच्या निधीचा खर्च कुठं झाला हे पुढच्या बालसभेत मुलांना वाचून दाखवा. ती लक्ष देऊन ऐकतात, आणि आकडा चुकला तर सांगतात.

बदली

शेवटची गोष्ट बदलीची. भाऊसाहेब बदलला की वही कपाटात जाते. म्हणून चार्ज देताना दप्तराच्या यादीत ती वही अनुक्रमांक घालून लिहा, आणि उघड्या नावांपुढे नव्या माणसाची सही घ्या.

मी ३० नोव्हेंबरला निवृत्त झालो. सकाळी अकराला निरोपसमारंभ होता. नव्या भाऊसाहेबांना मी नऊलाच बोलावलं होतं. वहीत अकरा नावं उघडी होती, त्यांनी अकरा सह्या केल्या. बाराव्या पानावर फक्त ‘कोपी क्र. ४, मुलगी, सोमवारी पहाटे’ एवढंच लिहिलेलं होतं. जन्मनोंदीचा फॉर्म घेऊन आम्ही दोघं त्यांच्या गाडीवरून ओढ्याकडं गेलो.